पलटून पाहणे

या शहराचं नाव वूच. अर्थ : नाव, होडी.
नद्या मात्र कधीच पाइपांतून जमिनीखाली गेल्या.
त्यातली एक माझ्या दुकानाखालून वाहते म्हणे.
मार्चमध्ये बर्फ वितळला की तळघरातल्या रिमांना ओल येते,
तेव्हा पटतं.

पाटीवर लिहिलंय : बोगुमिल आणि मुलगा.
मुलगा डब्लिनला ट्रक चालवतो.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. मायलेकी आत आल्या.
मुलीच्या हातात कॉलेजने दिलेली यादी,
आईच्या हातात पाकीट, दोन्ही हातांनी धरलेलं.
"डिझाइनला प्रवेश मिळालाय," आई म्हणाली,
घरातल्या आजारपणाबद्दल सांगावं तसं, हळू.

मुलगी, योव्हिता, थेट गिलोटिनपाशी गेली.
ओतीव लोखंडाचा पाट, लांब दांडा,
एका दाबात चाळीस कागद. चौदाशे झ्लॉटी.
आईने किंमतीची चिठ्ठी वाचली नाही,
मुलीचा चेहरा वाचला.

मी तरी कुठला साधू! दोन महिन्यांचं भाडं थकलेलं.
म्हणालो, आयुष्यभर टिकेल.
खोटं नव्हतं ते.
माझ्या डाव्या करंगळीचं पेर
अशाच एका आयुष्यभर टिकणाऱ्या यंत्राने नेलंय;
गिऱ्हाईक समोर असलं की तो हात खिशात असतो.

आई गप्प. मग मी सरकत्या पात्याचं ट्रिमर पुढे केलं,
तीनशे ग्रॅमचं कार्डही लोण्यासारखं कापतं, म्हणालो,
चाळीस तरी विकलीत, एकही परत आलं नाही.

"एक कोरा कागद मिळेल?"

तिने कागद लावला, पातं ओढलं. दोन तुकडे.
त्यातला एक पालथा केला,
कडेला कड भिडवून खिडकीकडे धरला.

मधोमध उजेड आला.
केसाएवढा. पण आला.

"पलटलं की चूक दुप्पट दिसते," ती म्हणाली.
"सव्वीस वर्षं कोट बेतले मी. साठ-साठ थर एकावर एक.
आता इस्पितळात चादरी मोजते."

मी दुसरं ट्रिमर उघडलं. मग तिसरं, सीलबंद खोक्यातलं.
सगळीकडून उजेड.

पोलादी पट्ट्यांचंही तिने तेच केलं :
रेघ मारायची, पट्टी उलटवायची,
त्याच दोन टिंबांमधून पुन्हा रेघ.
पाचवी पट्टी खरी निघाली. खाली बुचाची पट्टी असलेली, न घसरणारी.
मग पेनाएवढा चाकू. मुलीच्या मुठीत देऊन पाहिला,
काढून घेतला, थोडा जाड दिला.
एक हिरवी मॅट.
"आणि पाती पन्नास द्या. शंभरच द्या.
ही पैसे वाचवायला बोथट पात्यानेच कापत राहील, ओळखते मी हिला.
बोथट पातं कागद सोडतं आणि बोट धरतं."
एवढं बोलून तिने माझ्या खिशाकडे पाहिलं.
किंवा पाहिलं नसेलही.

"वर्गात सगळ्यांकडे मशीन असेल," मुलगी पुटपुटली.
"मग त्यांच्याकडे जाऊन काप," आई म्हणाली.

दोनशे अठरा झ्लॉटी.
बाकीच्या नोटा पाकिटात परत गेल्या.
मुलीने दारातून एकदा वळून पाहिलं,
माझ्याकडे नाही, त्या लांब दांड्याकडे.

त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.
आतून कडी लावून एकेक यंत्र काउंटरवर घेतलं,
कापलं, पालथं केलं, भिडवलं, खिडकीशी धरलं.
ती चाळीस माणसं कोण कोण होती, आठवत गेलो :
एक पाद्री, एक लग्नपत्रिकावाली, शाळेच्या दोन बाई.
फरशीवर पट्ट्यांचा ढीग घोट्यापर्यंत आला.

एकही खरं नव्हतं.

मग बाहेर अंधार पडला,
आणि सगळ्या कडा जुळायला लागल्या.